चार दिवस तुझ्या शहरात

प्रिय ताई,

तिकीट हातात पडलं, व्हिसाचा शिक्का बसला, आता माघार घ्यायची सोय उरलेली नाही. म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. फोनवर बोललो असतो की, असं तू म्हणशील. पण फोनवर तू आधी तिकडची थंडी सांगतेस, मग मी इकडची धूळ सांगते, मग आपली लेक मध्येच तोंड घालते आणि आपल्या दोघींचं बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय समोर माणूस असलं की मला चेष्टाच सुचते. कागदासमोर मी जरा शहाण्यासारखी वागते, निदान पहिलं पान तरी.

तिकीट काढून देणाऱ्याने 'स्कँडिनेव्हिया' हा शब्द तोंड भरून उच्चारला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, बाई, एवढ्या लांब चार दिवसांसाठी कोण जातं? लोक तिन्ही राजधान्या एका दमात करून येतात, फोटो काढतात, परत येतात. मी म्हटलं, मला एकच राजधानी पुरे, आणि तिच्यातही तीनच जागा बघायच्यात. राजवाडा राहिला तरी चालेल. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. पण खरंच ताई, मला तीनच जागा बघायच्यात. एक तुझी ती संग्रहालयामागची खोली, जिथे तू इतकी वर्षं जहाजांवरची जुनी निशाणं सुईच्या टोकाने जोडत बसतेस. दुसरी जावयाची फेरीबोट, कारण जो माणूस माझ्या भिंगरीला घेऊन जाणार त्याचा सुकाणूवरचा हात मी स्वतः बघितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. आणि तिसरं ते नगरभवन, जिथे म्हणे चहा गार व्हायच्या आत लग्न लागतं.

तयारी म्हणशील तर जय्यत आहे. कोट शेजारच्या नर्सबाईंचा आणलाय. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच उंच, त्यामुळे मी त्यात शिरले की कोट चालतोय आणि आत कोणी नाही असं दिसतं. बूट मात्र नवे घेतले. शहराचा नकाशा मी भिंतीवर लावला आहे आणि रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून चहा पिते. पाण्याच्या कडेकडेने कुठले रस्ते एकेरी आहेत, ट्राम कुठे वळते, पूल कुठे आहेत, सगळं पाठ झालंय. भिंगरीने निक्षून सांगितलंय की सायकलींच्या पट्ट्यात उभी राहून कोणाला वाहतुकीचे नियम शिकवू नकोस, तिकडे माणसं ओरडत नाहीत, नुसती बघतात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं. मी कबूल केलंय. पण विमानात, बोटीत, टॅक्सीत माझा पाय ब्रेक दाबणार त्याला माझा इलाज नाही. इतकी वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, माझ्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून पोट भरलं. आता सिनेमातली गाडी वळली तरी माझा पाय जमिनीत रुततो. पुढच्या सीटवरच्या माणसाला विमानात लाथ बसली तर माफी कशी मागायची ते तिकडच्या भाषेत लिहून पाठव.

राहण्याचा तर आपण दोघींनी जो घोळ घातला त्याची आठवण झाली की अजून हसू येतं. तुझं दोन खोल्यांचं घर, त्यात ऐन लग्नाच्या वेळी माझी अडचण कशाला, म्हणून मी गुपचूप स्टेशनजवळ हॉटेल ठरवलं. आणि तू, मला आणि भिंगरीला मोकळेपणी बसता यावं म्हणून, गुपचूप तुझ्या कामावरच्या मैत्रिणीकडे झोपायला जायचं ठरवलंस. दोघींनी भिंगरीला शपथ घातली. तिच्या पोटात काही राहतं का? आणि ती स्वतः तर केव्हाची पलीकडच्या काठावर त्याच्या घरी राहायला गेलेली. मग चार दिवस घरात राहणार कोण, तुझ्या कुंड्या? ती दोघींवरही इतकी तडकली! म्हणाली, तुम्ही दोघी एकमेकींना वाट देता देता दोघीही रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहता. अरुंद पुलाच्या दोन टोकांना असे दोन सभ्य चालक उभे राहिले की मागे केवढा खोळंबा होतो ते मी रोज बघते. शिकाऊंना मी सांगते, अशा वेळी एकाने निमूटपणे पुढे जायचं असतं. तर मी हॉटेल रद्द केलंय. तू तुझ्या पलंगावर झोप, मी बैठकीतल्या सोफ्यावर. मी घोरते. हे तुला मास्तरांनी कधी सांगितलं नसेल, ते फार सभ्य होते.

आता चारच दिवस का, ते सांगते. सगळ्यांना मी सांगितलंय की माझ्या शिकाऊंच्या परीक्षा जवळ आल्यात. खोटं नाही ते, पण परीक्षा काय दर महिन्याला असतात. खरं कारण असं की पाचव्या दिवसाची मला भीती वाटली. चार दिवस माणूस पाहुणा असतो, त्याचं कौतुक होतं. पाचव्या दिवशी तुम्ही मायलेकी आपल्या रोजच्या बोलण्याला लागाल, तिकडच्या भाषेतले दोन शब्द मध्ये येतील, तुमच्यातलं काहीतरी आठवून दोघी हसाल, आणि मी नर्सबाईंच्या कोटात खिडकीपाशी उभी राहून विचारीन, काय झालं? त्या वेळचं माझं तोंड मलाच बघायचं नव्हतं. मास्तर गेले तेव्हा तेराव्या दिवसाचीही वाट न बघता वन्सं मला म्हणाल्या होत्या, पोरगी आता तिच्या आईकडेच, आणि दुवा होता तो माझा भाऊ गेला, मग आता तुझं तिच्याशी नातं काय उरलं ग? वाईट मनाने नाही विचारलं त्यांनी. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. पण ताई, त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या घरात राहायला आलाय. मी गाडी शिकवून घरी येते, कुलूप काढते, तो आत बसलेलाच असतो.

लोक आपल्याला सवती म्हणतात. म्हणू देत बापडे. पण ज्या बाईने आपल्याला आयुष्यातलं सगळ्यात मोठं काही दिलं तिला सवत म्हणताना माझी जीभ वळत नाही. मी तुझे आभार कधीच मानलेले नाहीत. तशी वेळ एकदा आली होती, तू मात्र ती विसरली असशील. मी नाही विसरले.

भिंगरी पहिलीत होती. तुझी आणि मास्तरांची फारकत आधीच झालेली. तू एका वर्षाच्या शिक्षणासाठी गेलीस तेव्हा तिला तिच्या वडिलांकडे सोपवून गेली होतीस. परत आल्यावर न्यायची, असं ठरलेलंच होतं. दरम्यान मास्तर माझ्याकडे गाडी शिकायला आले. सगळ्या जगाचे रस्ते त्या भूगोलाच्या माणसाला तोंडपाठ, पण गाडी मागे घेता येईना. परीक्षेत नापास झाले आणि शिकवणाऱ्या बाईशी लग्न करून मोकळे झाले. मी घरात आले तेव्हा ती अंगठा चोखत दाराआड उभी होती. मी तिला काही लाडबिड केलं नाही, मला येतच नव्हतं. मी तिला गाडीत मागे बसवून कामावर न्यायला लागले. तुझं एक वर्ष लांबत गेलं, संग्रहालयाने तुला कायमचं ठेवून घेतलं, आणि एक दिवस तू आलीस, तिला न्यायला. मी तिची बॅग भरून ठेवली होती. मास्तरांनी विचारलं, तुला चालेल ना? मी म्हटलं, मला काय चालायचंय, त्यांची मुलगी आहे. आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला.

निघायच्या आदल्या दिवशी माझा एक शिकाऊ होता, पोस्टातला जाडजूड हेडक्लार्क, त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी, त्याला टाळता येईना. तुला आणि भिंगरीला मागे बसवून मी निघाले. चौकात त्याने मागचं काही न बघता गाडी वळवली. मी बोलायच्या आत मागून आवाज आला, आरसा! आधी आरसा, मग हात, मग चाक! घाई कसली, पुढे कुणी वाट बघतंय का? माझाच सूर, माझंच ते शेवटचं खवचट वाक्य, फक्त आवाज वितभर. हेडक्लार्क इतका घाबरला की गाडीच बंद पडली. तू खळखळून हसलीस. तुला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं नाही. मग आरशात माझी तुझ्यावर नजर गेली तर तू खिडकीबाहेर बघत होतीस, ते थेट घरी पोचेपर्यंत.

घरी आल्यावर तू सरळ आत गेलीस आणि बॅग उघडलीस. मला वाटलं मी काही विसरले ते बघतेयस. तू एकेक कपडा काढलास आणि कपाटात परत लावायला लागलीस. मी लावते तसा चेपून नाही. तू मास्तरांच्या टेबलावरचा पातळ कागद मागून घेतलास, त्याच्या सैल गुंडाळ्या केल्यास आणि फ्रॉकच्या प्रत्येक घडीत एकेक ठेवलीस, म्हणजे कापडाला चीर पडत नाही म्हणालीस. मी दारात उभी. हातात पोळपाट होता की काय होतं, आठवत नाही. सगळे कपडे लावून झाले तेव्हा तू म्हणालीस, हिला आता इथून उपटायला नको. मी येत जाईन, फोन करीन. तुला जमेल ना? मी मान हलवली. तू चप्पल घातलीस आणि तुझ्या खोलीवर निघून गेलीस. जिन्यात तू किती वेळ उभी होतीस ते मला माहीत आहे. मी वर दारामागे तितकाच वेळ उभी होते.

त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. कसे मानणार? पोटचं पोर ठेवून जाणाऱ्या बाईला 'बरं झालं हो, उपकार झाले' म्हणायचं? म्हटलं असतं तर तुझ्या जखमेवर मीठच ते. आणि मला झालेला आनंद इतका मोठा होता की त्याची मला लाज वाटत होती. तू जिना उतरलीस आणि मी तिला उचलून अशी गरागरा फिरवली की आम्ही दोघीही पडलो. भिंगरी हे नाव खरं तर तेव्हा पडलं. मास्तर सगळ्यांना सांगत राहिले की ती एका जागी बसत नाही म्हणून पडलं, पण ते तेव्हा शाळेत होते.

आणि त्यानंतरचं तुझं ते रविवारचं फोन करणं! सुरुवातीला मला त्याचा किती राग यायचा ते आता सांगायला हरकत नाही. ती तुला काहीही विचारायची. केस कापू का, सहलीला जाऊ का, शेजारची मांजर घरात आणू का. तू दर वेळी एकच सांगायचीस, तिथल्या आईला विचार, ती म्हणेल ते. मला वाटायचं, वा, लांब बसून बाईसाहेब हात झटकतायत, सगळा वाईटपणा माझ्या वाट्याला. मग ती जरा मोठी झाली आणि तिला स्कूटर हवी झाली. मी नाही म्हटलं. अख्ख्या शहराला गाडी शिकवणारी बाई स्वतःच्या पोरीला स्कूटर देत नाही, हा काय अन्याय, म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं आणि तुला फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसले होते. तिला पक्की खात्री होती की तू तिची बाजू घेशील. मला तर त्याहून पक्की होती. तू म्हणालीस, तिने नाही म्हटलं ना, मग नाही. मला कशाला विचारतेस? भिंगरीने फोन आदळला आणि रडत बसली, आणि मी पलीकडे बसून रडले, अगदी वेगळ्या कारणासाठी. लाड करून, भेटी पाठवून, एका शब्दाने तू तिला कधीही माझ्यापासून फोडू शकली असतीस. तू माझ्या पायाखालची जमीन एकदाही हलू दिली नाहीस. घरात माझा शब्द चालायचा, त्याच्यामागे तू उभी होतीस, हे मला कळायला स्कूटर यावी लागली.

ती तुला 'तिथली आई' म्हणायची आणि मला 'इथली आई'. शिकायला तुझ्याकडे आली, विमानातून उतरल्या उतरल्या तिचा फोन आला, इथल्या आईने मफलर आणलाय, तिथल्या आईने दिलेला पिशवीतच आहे. क्षणभर मला कळेनाच की मी यातली कोण. एका विमानप्रवासात आपली अदलाबदल झाली होती. मी म्हटलं, दोन्ही घाल, गळा मोठा आहे तुझा. फोन ठेवला आणि मास्तरांवर विनाकारण डाफरले. त्यांना सगळं कळायचं. ते उठले, नकाशावर तुझं शहर दाखवलं आणि अक्षांश-रेखांश सांगायला लागले. त्यांची समजूत घालायची तीच पद्धत होती. दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ दोघं. शेवटी छातीत कळ आली आणि सगळं राहिलं. ते गेले त्या दिवशी तुझा फोन आला. मी नेहमीसारखं 'अहो ताई' म्हणून सुरुवात केली. तू म्हणालीस, धाकटे, काही खाल्लंस का? मी म्हटलं, नाही ग. तेव्हापासून तू 'ग' झालीस. मला वाटतं त्या दिवशी आपण दोघींनीही एकाच माणसासाठी डोळे पुसले, आणि ते एकमेकींपासून लपवले नाहीत.

आता व्हिसाच्या खिडकीवर काय झालं ते सांगते. ते भिंगरीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. काचेमागची मुलगी गोड बोलत होती. निमंत्रण कोणाचं? मुलीचं. कशासाठी? तिच्या लग्नासाठी. मग तिने कागद उलटसुलट केले आणि म्हणाली, मॅडम, मुलीच्या कागदांवर आईचं नाव दुसरंच आहे. तुम्ही कोण? मागे रांग होती. वन्संचा प्रश्न इतक्या लांब, इतक्या स्वच्छ काचेमागे बसून माझी वाट बघत असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, मी तिच्या वडिलांची दुसरी बायको. तिने 'ओके' म्हटलं आणि शिक्का मारला. काम झालं, मी बाहेर आले. खोटं काहीच बोलले नव्हते. तरी असं वाटत होतं की मी आत जाऊन माझ्याच हाताने तिचं बोट सोडून आले.

त्याच आठवड्यात भिंगरीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, जावई नवा सदरा घ्यायला तयार नाही वगैरे. मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, आई, नगरभवनात दोन साक्षीदार लागतात. त्याच्याकडून त्याची बहीण सही करणार. माझ्याकडून तू करशील? ताई, तुला माझा स्वभाव माहीत आहे. मला कोणी काही देऊ केलं की आधी माझ्या तोंडून 'नको' निघतं, मग माझ्या लक्षात येतं की मला ते हवं होतं. त्या दिवशीही 'नको' अगदी ओठापर्यंत आलं. वाक्य जुळवून तयार होतं, जिने जन्म दिला तिचा मान, ती तिथेच आहे, तिला विचार. ऐकायला किती छान! लोकांनी मोठ्या मनाची म्हटलं असतं. मी नुसतं एवढंच विचारलं, आईला विचारलंस का? आणि ती बावळट पोर बोलून गेली. म्हणाली, हो, तिलाच आधी विचारलं होतं. ती म्हणाली, मला सही नको, मला समोर बसून तुला बघायचंय. सही तिच्याकडून घे. आणि मी सांगितलं असं तिला सांगू नकोस. एवढं बोलून तिने स्वतःच जीभ चावली.

तुझ्या आयुष्यात एकदाच येणारी गोष्ट तू अशी उचलून माझ्या ताटात वाढलीस, आणि वर नाव पण नको म्हणालीस. आणि समोर बसून बघायचंय म्हणे! जशी काही सही करणारीला तुझ्या लेकीचं तोंड दिसणार नाही. तुला बहाणा सुद्धा धड करता येत नाही ताई.

तर हे पत्र एवढ्यासाठी. तुला पक्कं ठाऊक असणार की मी तिथे येऊन ऐनवेळी दारात घोळ घालीन, ताई तूच कर, छे छे, तुझा हक्क, असं म्हणत तुझ्या हातात पेन कोंबीन, आणि तू मागे सरशील, आणि त्या नगरभवनातली माणसं घड्याळाकडे बघत राहतील. तसं होणार नाही. मी भिंगरीला 'हो' म्हटलंय. पहिल्याच खेपेला, आढेवेढे न घेता. मन मोठं करून नाकारता आलं असतं, पण मला ती सही करायची आहे ताई, मला ती हवी आहे, आणि तू देतेयस म्हणून मी दोन्ही हातांनी घेतेय. तेव्हा जिन्यात तुझ्यामागे धावत येऊन जे म्हणायचं राहिलं ते आज म्हणते, तुझे फार फार उपकार आहेत माझ्यावर. आता अजून एक मागते. तिथे माझ्या शेजारीच उभी राहा, समोर-बिमोर बसू नकोस. आणि टेबलामागच्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या मुलीच्या कोण, तर उत्तर तू दे. मला तिकडची भाषा येत नाही.

तुझीच,
धाकटी